उजवा कौल

सरकारी दप्तरात हुंबरण्याचा सडा, गावाच्या डोक्यावरचं ते कातळाचं पठार, म्हणजे पोटखराबा, लागवडीला नालायक जमीन. तलाठी आले, तलाठी गेले, त्या शब्दाला कुणी हात लावला नाही. आणि त्यांची तरी काय चूक म्हणा! तलाठी वर चढणार तो उन्हाळ्यात, वाट कोरडी असताना. तेव्हा सड्यावर दिसणार काय, तर तापलेल्या तव्यासारखा कातळ, करपलेलं गवत आणि माणूस दिसला की शिव्या घालत डोक्यावर घिरट्या घालणारी एक टिटवी. श्रावणात हाच कातळ जांभळ्या-पिवळ्या फुलांनी असा भरतो की पाऊल कुठे टाकावं ते कळत नाही. पण त्या शेवाळावर घसरून कंबर मोडून घ्यायला तलाठी कशाला जातोय?

त्यामुळे समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज साठवायला जागा शोधायची वेळ आली, तेव्हा नकाशावर बोट पडलं ते बरोबर हुंबरण्यावर. सपाट, ओसाड, बंदराजवळ. डोंगराएवढ्या बॅटऱ्या तिथे ओळीने मांडायच्या होत्या. काम चांगलं होतं, हीच पहिली पंचाईत. कोळशाचा धूर नको म्हणून शाळेत निबंध लिहिणाऱ्या पोरांना बॅटऱ्यांच्या कोठाराला वाईट तरी कसं म्हणता येईल?

शमिका घाडीला ते जमलं. अकरावीतली ही पोरगी लहानपणी दमेकरी होती. आईवडील पुण्यात नोकरीला, तिथल्या हवेत हिचा श्वास अडकायचा, म्हणून चौथ्या वर्षी तिला गावी बाबलकाकांकडे ठेवली ती कायमचीच. बाबलकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. काकी नाही, मूलबाळ नाही. शमिकाचा श्वास सड्यावर मोकळा झाला, असं काका सांगत, आणि तिचाही त्यावर विश्वास होता. पोटखराबा हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपल्यालाच कुणीतरी नालायक म्हटल्यासारखं तिला वाटलं.

तिने शाळेतली आठ पोरं जमवली आणि 'सडा राखण मंडळ' काढलं. रविवारी सकाळी वर जायचं, फोटो काढायचे, दगड काढून नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांशी भांडायचं, गावात घरोघरी सांगायचं. गावाने कौतुक केलं आणि फार काही मनावर घेतलं नाही. मग तालुक्याहून रेणुका देवधर मॅडम आल्या. जीवगणना अभियानाच्या त्या जिल्हा समन्वयक. त्यांनी गाडीतून एक यंत्र उतरवलं. प्रेशर कुकरएवढं, पांढरं, वर नळी.

"याला जीवगणक म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

"चाळण," तन्वीर म्हणाला, आणि पुढे सगळे तेच म्हणू लागले. तन्वीर सोलकर हा खालच्या बंदरवाडीतला, शमिकाच्या वर्गातला, मंडळातला तिचा उजवा हात. बोलायचा कमी, पण वाचायचा सगळं. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदसुद्धा.

यंत्राचं शास्त्र मॅडमनी सड्यावरच, एका डबक्याशेजारी बसून सांगितलं. कुठलाही जीव जिथे वावरतो तिथे आपलं काहीतरी टाकून जातो. बेडूक अंगाचा चिकटा सोडतो, पाखरू पिसाचा कण सोडतं, फुलाचे परागकण झडतात. त्या प्रत्येक कणात त्या जिवाचा जनुकी ठसा असतो. डबक्यातलं तांब्याभर पाणी यंत्रात ओतलं की आतला पापुद्रा ते कण धरून ठेवतो, यंत्र ठसे वाचतं आणि सांगतं, इथे अमुक बेडूक आहे, तमुक गवत आहे, आणि परवा इथून मुंगूस पाणी पिऊन गेलंय. जीव डोळ्यांना दिसायची गरजच नाही.

"पण सगळे मोजून झाले हे कळणार कसं?" शमिकाने विचारलं.

मॅडम हसल्या. "लग्नाच्या मांडवात गेलीस की आधी सगळेच चेहरे नवे दिसतात. जरा वेळाने तेच तेच पाहुणे परत भेटायला लागतात. नवा चेहरा क्वचित. तेव्हा आपल्याला अंदाज येतो ना, की आता फारसं कुणी भेटायचं राहिलं नाही? यंत्र तोच हिशेब करतं. किती ठसे दुसऱ्यांदा येतात, किती पहिल्यांदाच, त्यावरून ते सांगतं की या जागेची ओळख किती टक्के झाली."

पहिल्याच दिवशी यंत्राने दीडशेच्या वर जीव सांगितले. डबक्यात उलटं पोहणारी, काचेसारखी आरपार दिसणारी कोळंबी सांगितली. तिची अंडी म्हणे उन्हाळाभर कातळावरच्या धुळीत पडून राहतात, पाण्याची वाट बघत. दगडाखालचं देवगांडूळ, म्हणजे बेडकाचा बिनपायी भाऊबंद, सांगितलं. कुठल्याच संग्रहात नाहीत असे चार ठसे सांगितले. महिन्याभरात सुनावणी झाली आणि काम थांबलं. पोटखराबा शब्दावर पहिल्यांदा काट बसली.

पोरांना आकाश ठेंगणं झालं. वर्तमानपत्रात फोटो आला. बंदरवाडीतल्या लोकांनी मात्र तन्वीरच्या वडिलांना मशिदीबाहेर गाठून विचारलं, की कोठारात लागणाऱ्या नोकऱ्या तुझ्या पोराने घालवल्या त्याचं काय? तन्वीरने हे मंडळात सांगितलं नाही. शमिकाला ते दुसऱ्याकडून कळलं.

सुनावणी घेणारे सरकारी साहेब तेव्हा एक वाक्य बोलून गेले होते. "अर्धवट माहितीवर आम्ही किती थांबायचं? ओळख पूर्ण करा, मग कायमचा निर्णय घेऊ." पोरांनी त्यातलं 'कायमचा' तेवढं घरी आणलं. पंच्याण्णव टक्क्यांना ओळख पूर्ण धरतात, असं यंत्राच्या अ‍ॅपवर दिसत होतं. मग काय, पोरं वेड्यासारखी कामाला लागली. पावसात, चिखलात, परीक्षा तोंडावर असताना. प्रत्येक खड्डा, प्रत्येक भेग, प्रत्येक झुडपाचं बूड. आकडा ऐंशी झाला, नव्वद झाला. कुणी वर चढून येताना दिसलं की आधी आकडा विचारायचा आणि मग बाकीचं, अशी रीतच पडली.

त्र्याण्णववर आकडा अडकला. काही केल्या हलेना.

सगळं पाणी तपासून झालं होतं. राहिला होता एकच कोंड. राखणदाराचा.

सड्याच्या मधोमध कातळात एक खोल कोंड आहे, बैलगाडी मावेल एवढा. भर वैशाखातही तो आटत नाही. त्याच्या काठावर एक उभा दगड, ना नाक ना डोळे. तो हुंबरण्याचा राखणदार. गावच्या शिवेवर तो फिरतो, चुकलेल्या गुराला वाट दाखवतो, रात्री त्याच्या काठीचा आवाज येतो, असं म्हणतात. त्या कोंडात कुणी भांडं बुडवायचं नाही, पाय घालायचा नाही, हातसुद्धा लावायचा नाही. वाटेल तेवढी तहान लागलेली असो. गावाच्या वतीने राखणदाराशी बोलायचं काम घाडी घराण्याचं, म्हणजे आता बाबलकाकांचं.

शमिका संध्याकाळी काकांजवळ बसली. काका सुंभाचा दोर वळत होते.

"काका, फक्त एक तांब्याभर."

"माझो कोंड आसा काय तो?" काका म्हणाले. "माका कित्या इचारतंस?"

"मग कोणाक इचारू?"

"ज्याचो आसा त्याका. गाव बोलवूया, कौल लावूया. उजवो दिलान तर घे. डावो दिलान तर तुझ्या त्या कुकराचा झाकण लावन ठेव."

कौल म्हणजे देवाला विचारणं. दगडाच्या उजव्या-डाव्या खांद्यांवर तगरीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शमिकाचा त्यावर विश्वास नव्हता. विज्ञानाची विद्यार्थिनी ती. पाकळी पडते ती पाणी सुकलं म्हणून, वारा लागला म्हणून. पण काकांना ती हे कधी बोलली नव्हती. दगड धुवायचं आणि पाकळ्या खुडून द्यायचं काम मात्र लहानपणापासून तिचंच होतं.

कौलाच्या आदल्या दिवशी तन्वीर शाळेबाहेर थांबला होता.

"शमिका, एक आठवडा थांबूया. ज्या नियमान काम थांबला, तो मी पूर्ण वाचतंय. मोठो आसा, इंग्रजीत आसा, जोडपत्रां आसत. पंच्याण्णव झाल्यावर काय होता, ता आमका कोणीच सांगूक नाय."

"काय होतला? सडो वाचतला."

"ता खय लिवलाहा?"

"साहेब बोलले ना."

"साहेब 'निर्णय' बोलले. वाचतलो असा नाय बोलले."

शमिका थकली होती. त्र्याण्णव हा आकडा तिला झोपेत दिसायला लागला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या वाडीक नोकऱ्यो व्हयत, म्हणान थांबवतंस मा? सरळ सांग की!"

तन्वीरने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बंदराच्या वाटेने चालू लागला. पंधरा पावलं गेल्यावरही त्याला हाक मारता आली असती. तिने मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सड्यावर जमलं. शमिकाने पहाटेच न्हाऊन, डोक्याला खोबरेल चोपडून घट्ट वेणी घातली होती. काका नारळ सोलत होते, बाकीचे वाटेवर होते. ती दगड धुवायला वाकली. धुतला, पुसला. मग तिचा उजवा हात मागे वेणीकडे गेला, तेलकट वेणीवरून बोटं फिरली, आणि तीच बोटं तिने दगडाच्या उजव्या खांद्यावरून हलकेच ओढली. क्षणभराचं काम. तेलावर पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरलं नाही तर पाकळीही ठरत नाही, हे कळायला काही अकरावीचं शास्त्र लागत नाही. सड्यासाठीच करत्येय मी, असं तिने मनाशी म्हटलं. देव असला तर त्यालाही हेच हवं असणार.

काकांनी पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, हुंबरण्याच्या शिवेच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"ही तुझी लेकरां तुझ्या सड्यासाठी उन्हापावसात धडपडतहत. तुझ्या कोंडातला पाणी मागतहत. घेवचा काय नको, ता तूच सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांचे शब्द हवेत असतानाच उजवीकडची पाकळी घसरली आणि पायथ्याशी पडली. इतक्या लवकर कौल झालेला कुणी पाहिला नव्हता. बायकांनी हात जोडले. काका दगडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, मग वाकून ती पाकळी उचलली आणि प्रसाद म्हणून शमिकाच्या हातावर ठेवली. तिने ती वेणीत खोचली आणि तांब्या कोंडात बुडवला. पाणी इतकं गार होतं की मनगटापर्यंत हात बधिर झाला.

एकदाच भेटलेले एकोणतीस ठसे यंत्राला त्या एका तांब्यात दुसऱ्यांदा सापडले, नवा जवळजवळ एकही नाही. आकडा पंच्याण्णव झाला आणि वर थोडा सरकला. पोरं नाचली. पेढे वाटले. तन्वीर आला नव्हता.

रेणुका मॅडम आल्या त्या तीन आठवड्यांनी, न कळवता. पडवीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि शमिकाकडे न बघता बोलायला लागल्या.

नियमाला दोन बाजू होत्या. जिथे जीव आहे असं सिद्ध होईल तिथे बांधकाम करता येणार नाही, ही एक. पोरांनी जिंकली ती ही. दुसरी बाजू जोडपत्रात होती. जागेची ओळख पूर्ण झाली, तिथल्या जिवांचे ठसे, बिया, अंडी, माती हे सगळं शीतगृहात जमा झालं, की ती जागा दुसरीकडे जशीच्या तशी उभी करता येते. आणि उभी करता येते म्हटल्यावर मूळ जागेची गरज राहत नाही. ती मोकळी होते. अपुरी ओळख असलेल्या जागेला कुणी हात लावू शकत नाही, कारण काय हरवेल ते ठाऊक नसतं. पुरती ओळख झाली की हरवण्यासारखं काही उरतच नाही, असं नियम म्हणत होता.

"म्हणजे आम्ही त्र्याण्णववर थांबलो असतो तर?" शमिकाने विचारलं.

"तर कुणाला काही करता आलं नसतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जोडपत्र मला पाठवलंच नव्हतं." मॅडमनी रिकामं भांडं बाजूला सरकवलं. "मी मागितलंही नाही, शमिका. मलाही आकडा वाढताना बघायला आवडत होतं."

"पुसून टाका. कोंडाचा नमुना पुसून टाका."

"तो पुण्याला गेला. त्याच्यातली कोळंबी तिथे जन्मलीसुद्धा."

काका उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. शमिकाचा श्वास अडकला, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा. छातीत जुनी शिट्टी वाजू लागली. काकांनी गरम पाण्याचं भांडं आणलं, डोक्यावर पंचा घातला आणि ती वाफ घेत असताना पाठीवरून हात फिरवत राहिले. गावात लोक म्हणत होते, आता काय बोलायचं, देवानेच उजवा दिला. त्याच्या मनात असेल. एकमेकांना असं सांगून त्यांची समजूत पटत होती. शमिकाला ते ऐकलं की जेवण जात नसे.

ती तन्वीरकडे गेली. तो बंदरावर जाळं निवडत होता. तिने माफी मागितली. त्याने ऐकून घेतली, मान हलवली.

"मी रातभर बसान ता जोडपत्र वाचलंय," तो म्हणाला. "सकाळी धावत वर येय होतंय, तर खालसून तुमचा 'व्हय म्हाराजा' ऐकू इला. मगे परत फिरलंय."

त्याच्या वडिलांना कोठारात रखवालीची नोकरी लागणार होती. ते त्याने खाली बघत सांगितलं, तिच्यावर उगवलेला सूड म्हणून नव्हे.

डिसेंबरात मंडळाच्या पोरांना प्रतिसडा, म्हणजे हुंबरण्याच्या सड्याची उभी केलेली नक्कल, दाखवायला घाटावर नेलं. कोठार बांधणाऱ्या कंपनीची गाडी, कंपनीचंच जेवण. महामार्गालगत एक अवाढव्य काचघर. आत कातळ होता. हुंबरण्याचाच, फरशांसारखा कापून, नंबर घालून आणलेला. छताच्या नळ्यांतून ठरल्या वेळी पाऊस पडत होता. बाहेर थंडी आणि आत श्रावण. जांभळी फुलं फुलली होती. बेडूक ओरडत होते. डबक्यात कोळंबी उलटी पोहत होती. इनामदार साहेब, प्रकल्पाचे पर्यावरण अधिकारी, अगदी मनापासून सगळं दाखवत होते. माणूस वाईट नव्हता. पोरांच्या कामाचं त्याला खरंच कौतुक होतं, आणि दारावर पितळी पाटीत नऊही जणांची नावं कोरलेली होती.

शमिका चूक शोधत होती. गुडघ्यावर बसून, दगडाखाली डोकावून, वास घेऊन. चूक सापडेना. यंत्राने जे जे सांगितलं होतं ते सगळं तिथे होतं. जे पाच टक्के यंत्राने सांगितलं नव्हतं ते नव्हतं, आणि ते काय होतं हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. तिला रडू आलं ते या गोष्टीचं.

"एकच उणीव आहे," इनामदार म्हणाले. मधोमध एक कोंड खणला होता, आणि त्याच्या काठावर चौथरा रिकामा होता. "तुमचा राखणदार. इथे यायला हवा. लोक दर्शन घेतील. आणि तिथे ठेवून तरी काय, भरावाखाली जाईल बिचारा. गावाला विचारा."

गावाला विचारलं तर गाव म्हणालं, देवाला विचारा.

म्हणून चैत्रात, सडा तापलेला असताना, गाव पुन्हा वर चढलं. या वेळी चढणं सोपं होतं, कारण डांबरी रस्ता झाला होता. अर्धा सडा खरवडून सपाट केलेला, बाजूला पिवळी यंत्रं उभी, कामगार सावलीत विड्या ओढत बसलेले. कोंडाभोवतीचा तेवढा तुकडा कौलासाठी ठेवला होता. दगड उचलायला क्रेन आली होती, त्याला गुंडाळायला कापूस आणि नवी सतरंजी आणली होती. इनामदार साहेब बूट काढून आले. गावातल्या बहुतेकांना उजवाच हवा होता. देव निदान कुठेतरी उभा राहील, काचेत का असेना, पाऊस तर पडतोय त्याच्यावर.

काकांनी दगडासमोर पाट मांडला, तांब्या ठेवला, तगरीची ओंजळभर फुलं ठेवली. मग बाजूला सरकले.

"शमिका, पाकळ्यो तू लाव."

लोक चपापले. पाकळ्या घाडी लावतो, पोरीबाळी नव्हे. ती पुढे झाली तसं काका तिच्या कानाशी वाकले. आवाज फक्त तिला ऐकू येईल एवढाच.

"आधी हात धुवन घे. आणि ह्या खेपेक वेणीक हात लावू नको."

शमिकाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"त्या दिसा सांजच्याक मी परत इल्लंय हय," काका म्हणाले. "दगडाच्या उजव्या खांद्यार मुंग्यो लागलेल्यो. खोबरेलाचो वास येय होतो."

"बोललात कित्या नाय?"

"पाणी काढून झाल्ला. आणि तू माझा चेडू आसस." त्यांनी तांब्या पोरीच्या हातात दिला. "धुव हात."

तिने हात धुतले. मातीने घासले, पुन्हा धुतले. दगड दोन्ही बाजूंनी सारखा पुसला, सारखाच भिजवला. दोन पाकळ्या निवडल्या, जवळपास एकाच मापाच्या, आणि दोन्ही खांद्यांवर एकाच उंचीवर चिकटवल्या. सतरा वर्षांच्या आयुष्यात तिने कुठलाही प्रयोग इतक्या काळजीने केला नव्हता. मग ती मागे सरली आणि पहिल्यांदाच खरोखर विचारलं. तोंडाने नव्हे.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. गाव व्हय म्हणालं. ऊन चढत होतं. पाकळ्या हलेनात. इनामदारांनी घड्याळ बघितलं, मग बघितल्याचं त्यांनाच बरं वाटलं नाही आणि त्यांनी हात मागे बांधले. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती, खरवडलेल्या जागेवरून, बहुधा अंडी शोधत. पाकळ्यांच्या कडा सुकून वळायला लागल्या.

डावीकडची पडली.

कोंडाच्या बाजूने काही लोकांना ते दिसलंच नाही. इनामदार पुढे आले. "काय झालं? काय म्हणतो राखणदार?"

काकांनी शमिकाकडे बोट केलं. "तिणां लावल्यान. ती सांगतली."

सगळे तिच्याकडे बघत होते. एक शब्द बोलली असती तर दगड सतरंजीत गुंडाळून घाटावर गेला असता. रोज पाऊस झेलत उभा राहिला असता. गाव खूश, साहेब खूश, काका बोलले नसते. हो म्हणणं किती सोपं आहे ते तिला ठाऊक होतं. एकदा म्हणून झालं होतं तिचं.

"नाय म्हणता," शमिका म्हणाली. "तो येवचो नाय."

"नीट लावल्यान नाय चेडवान!" मागून कुणीतरी ओरडलं. "परत लावा!" एक म्हातारी रडायला लागली. इनामदारांनी काकांकडे बघितलं, आणि काकांनी मान हलवली. एका प्रश्नाला दोनदा कौल लावत नाहीत.

"मग आम्हाला काम सुरू करावं लागेल," इनामदार हळू आवाजात म्हणाले. "आजच. आम्ही आधीच फार थांबलो."

"करा," काका म्हणाले.

लोक डांबरी रस्त्याने उतरू लागले. तन्वीर रस्त्याच्या कडेला उभा होता, आला होता हे तिला आत्ता दिसलं. तो जवळ आला नाही, पण खालीही उतरला नाही. काका दगडापाशी वाकले, पायथ्याशी पडलेली पाकळी उचलली. ती ऊन लागून मऊ पडली होती. त्यांनी ती शमिकाच्या तळहातावर ठेवली.

"वेणीत घाल," ते म्हणाले. "ह्यो खरो प्रसाद."

तिने ती वेणीत खोचली. मऊ पाकळी ठरेना, म्हणून दोनदा खोचावी लागली. मागे यंत्र सुरू झालं आणि पहिला डंपर मातीचा भराव घेऊन कोंडाच्या काठावर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने खाली उतरून आधी चपला काढल्या, दगडाला हात जोडले आणि मग वर चढून डंपर उपडा केला.